लहान मुलांचा थीमवाला वाढदिवस, घरच्या घरी आणि कमी खर्चात: गोव्यातल्या आईबाबांचे सारखे येणारे प्रश्न

दोन ते सात वर्षांच्या मुलांच्या वाढदिवसाबद्दल लोक जे परत परत विचारतात ते सगळं इथे एकत्र केलंय. सोपे प्रश्न वर आहेत, अडचणीचे खाली. एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा येतो म्हणून जिथे गरज आहे तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. थीम ठेवायलाच पाहिजे का? साधा केक कापला तर नाही चालत?

चालतं की, मस्त चालतं. पण थीम असली की आपलंच काम कमी होतं, काय आणायचं आणि काय नाही ते आपोआप ठरतं. घोळ होतो तो थीम म्हणजे मागचा पडदा आणि फुग्यांची कमान असं धरून चाललं की. चार वर्षांच्या पोराला त्या पडद्याचं काही पडलेलं नसतं, तो मोठ्यांच्या फोटोसाठी असतो. पोरांना काहीतरी करायला हवं असतं. म्हणून थीम ठरवताना एकच प्रश्न विचारायचा, ह्यात पोरं करणार काय? उत्तर सापडलं तर ती थीम, नाहीतर दुसरी शोधा.

२. कितव्या वाढदिवसापासून थीम करण्यात अर्थ आहे?

पहिला वाढदिवस आजी-आजोबांचा असतो, बाळ अर्ध्यात झोपतं, त्यावर पैसे घालू नका. दुसऱ्याला पोरं एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळतात, एकत्र खेळ जमत नाहीत, तेव्हा दोन-चार खेळणी आणि पाण्याचा टब एवढ्यावर भागतं. खरी मजा तीन ते सहा. सातच्या पुढे पोरं स्वतःच सांगतात काय पाहिजे ते, आणि बहुतेक वेळा त्यांना फक्त मित्र आणि फुटबॉल पाहिजे असतो.

३. किती मुलं बोलवायची? वाड्यावरची (आपल्या वस्तीतली) सगळी आली तर?

घरात किती मावतात त्यापेक्षा सांभाळायला मोठी माणसं किती आहेत ते बघा. पाच वर्षांखालच्या चार पोरांमागे एक मोठं माणूस तरी हवं, आणि ते माणूस किचनमधे अडकलेलं नको. वाड्यावरच्या काहींना बोलवलं आणि काहींना नाही असं गोव्यात जमत नाही, अंगणातून गाणी ऐकू आली की सगळी गेटवर उभी राहणार, त्यामुळे वाड्याची सगळी पोरं आणि शाळेतले चार-पाचच जवळचे असं करा. बोलवलेल्यांची भावंडंही येतात हे धरूनच चाला आणि तीन-चार जणांचं जास्तीचं ठेवा.

४. चार-पाच हजारात बसेल का?

पंधरा पोरं आणि तेवढेच मोठे असतील तर बसवता येतं, पण मग केक सोडून सगळं खाणं घरचं किंवा शेजारच्या मावशीकडून करून घेतलेलं हवं. अर्धे पैसे खाण्यावर, साधारण पाव हिस्सा केकवर, उरलेल्यात खेळ, कागद-रंग आणि रिटर्न गिफ्ट. डेकोरेशनला वेगळा आकडा ठेवूच नका, तो आकडा ठेवला की तो वाढतो. हॉल, डीजे, मुखवटेवाला माणूस, फोटोग्राफर ह्यातलं एक जरी आलं तरी हे गणित मोडतं. पैसे वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वेळ: साडेचार ते साडेसहा. जेवण द्यावं लागत नाही, चहाच्या वेळचं खाणं पुरतं. आमंत्रणात संपायची वेळ लिहा, बिनधास्त लिहा, कोणाला राग येत नाही, उलट आईबापांना बरं वाटतं.

५. इथल्या मुलांना जवळची वाटेल अशी, स्वस्तातली थीम सुचवा ना.

माझी सगळ्यात आवडती फेरीबोट. पणजी-बेती किंवा जुनें गोंय-दिवाड ज्यांनी एकदा जरी केलंय त्या पोराला काही समजवावं लागत नाही. फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा मोठा खोका दुकानदार असाच देतो, त्याच्या दोन्ही बाजू कापायच्या, समोरचा भाग तीन बाजूंनी कापून खाली पडेल असा ठेवायचा आणि त्याला दोन्हीकडून सुतळी बांधायची. सुतळी सोडली की फळा धाडकन खाली पडतो, पोरं आपापल्या तीनचाकी सायकली घेऊन आत चढतात, एक जण शिटी मारतो, फळा वर. जमिनीवर निळी चादर ही मांडवी नदी. पुठ्ठ्याची तिकिटं आदल्या दिवशी बर्थडेवाल्या पोराकडूनच कापून घ्या, वाकडीतिकडी कापली तरी चालतील, ती फाडून द्यायला कंडक्टर बनायची इतकी भांडणं होतात की पाळीपाळीने टोपी फिरवावी लागते. अर्धा तास ह्यातच जातो आणि खर्च सुतळीचा.

दुसरी पदेराची, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याची. टोपली, सायकलचा पों पों भोंगा आणि कणकेचे गोळे. पोरं उंडे (गोल पाव) वळतात, कातरे पाव कापतात (प्लास्टिकच्या पट्टीने), कांकणं (बांगडीसारखे पाव) करतात, आणि एक जण भोंगा वाजवत घरभर विकत फिरतो. कणकेत थोडं जास्त मीठ घाला म्हणजे तोंडात घातली तरी थुंकून टाकतात.

पाऊस आणि बेडूक, ही जून ते सप्टेंबरमधल्यांसाठी. रेनकोट, गमबूट हाच ड्रेसकोड, तो सगळ्यांकडे आधीच असतो. अंगणात चिखल आहेच, माशेलचा चिखलकाला (चिखलात खेळायचा उत्सव) पाहिलेला असेल तर पुढचं सांगायला नको, फक्त आईबापांना आधी कळवा आणि जादा कपडे आणायला सांगा.

जंगल करायचं तर आफ्रिकेतले सिंह-जिराफ कशाला, गवा आपलाच राज्यप्राणी आहे. पुठ्ठ्याची शिंगं आणि पायात पांढरे मोजे, झाला गवा. खऱ्या गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरेच असतात, ते पोरांना सांगितलं की आठवडाभर मोजे काढत नाहीत.

६. मुलीला कार्टूनवालीच थीम हवीय, रेडीमेड सेट परवडत नाही. काय करू?

त्या कार्टूनचे दोन मुख्य रंग पकडा आणि सगळं त्या दोन रंगात करा, बस. ओढणी, क्रेप कागद, जेलीचे रंग. चित्र फक्त एकाच ठिकाणी लागतं, केकवर किंवा दारावर. आणि कॅरॅक्टर काय करतो तो खेळ घ्या: सुपरहिरो असेल तर लोकरीचं जाळं बांधून त्यातून न लागता पलीकडे जायचं, राजकन्या असेल तर मुकुट बनवायचे. बाजारातला सेट म्हणजे तोच चेहरा पंचवीस वेळा छापलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात.

७. थर्माकोलचं नाव, प्लास्टिकच्या प्लेटा वगैरे चालतात ना अजून?

नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. डेकोरेशनचं थर्माकोल, प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, काटे, स्ट्रॉ, फुग्यांच्या आणि कँडीच्या प्लास्टिक काड्या, शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर, सगळं त्यात आलं. दुकानात गुपचूप मिळतं म्हणून घेऊ नका. पत्रावळी, द्रोण, घरची स्टीलची ताटली आणि पेले वापरा, पेल्यांवर रंगीत टेप लावून नाव लिहा म्हणजे अदलाबदल होत नाही. डेकोरेशनला अंगणातलं घ्या: माडाच्या चुडतांची झावळी, आंब्याची पानं, जास्वंद. जूनमधला वाढदिवस असेल तर सांजावला (सेंट जॉनच्या सणाला) घालतात तशी पानाफुलांची कोपेलं (डोक्यावरचे मुकुट) पोरांकडूनच करून घ्या, कागदी टोप्यांपेक्षा शंभर पटीने छान दिसतात.

८. फुगे तरी ठेवू का? गॅसवाले आणू?

ठेवा, पण मोजके आणि उंचावर. फुटलेल्या फुग्याचा तुकडा किंवा न फुगवलेला फुगा पोरं तोंडात घालतात आणि तो घशात चिकटून बसतो, रबर असल्यामुळे काढायला फार कठीण. आठ वर्षांखालच्यांच्या हातात फुगवायला फुगा देऊच नये. एक फुटला की एका मोठ्या माणसाने लगेच तुकडे उचलायचे, हे काम आधीच कोणालातरी सांगून ठेवा. गॅसचे फुगे विकणाऱ्याकडे बऱ्याचदा हायड्रोजन असतो, तो पेट घेतो, त्यामुळे मेणबत्तीच्या आसपास अजिबात नको. तेच त्या स्नो स्प्रेचं, केक कापताना मारतात आणि समोर मेणबत्ती पेटलेली असते, तो फेस भडकतो. माझं स्पष्ट मत, स्प्रे घरात आणूच नका. बटण सेलवाल्या एलईडी मेणबत्त्यांच्या मागचं झाकण स्क्रूने बंद होतं का तेही बघा, गिळलेला बटण सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

९. दोन तास पोरांना गुंतवून कसं ठेवायचं? खेळ सांगा.

नवीन काही शोधायची गरज नाही, जुन्या खेळांना थीमचं नाव द्या. तळ्यात-मळ्यात घ्या आणि म्हणा "नदीत", "धक्क्यावर", झाली फेरीबोट. "आईचं पत्र हरवलं"च्या जागी "पदेराचा पाव हरवला". शिवाजी म्हणतो-मधे शिवाजीच्या जागी बेडूक म्हणतो. संगीत खुर्ची लहानांसाठी वाईट, बाद झालेलं पोर रडतं, त्यापेक्षा खुर्च्या कमी करा पण पोरं कमी करू नका, शेवटी सगळी एकाच खुर्चीवर एकमेकांच्या मांडीवर बसतात आणि हसून लोळतात.

सुरुवातीची वीस मिनिटं पोरं एकेक येत असतात, तेव्हा रंगकाम ठेवा, मग पळापळीचे खेळ, मग केक-खाणं, मग शांत काहीतरी. खाल्ल्याखाल्ल्या पळवू नका, का ते सांगायला नको. आणि बक्षीस एकाला नको, सगळ्यांना किंवा कोणालाच नाही.

१०. खायला काय ठेवू? सगळ्यांना आवडेल आणि स्वस्त पडेल असं.

कमी तिखटाची पातळभाजी आणि पाव. पदेराला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की संध्याकाळच्या फेरीला गरम पाव गेटवर येतात. हिशोब असा धरा, पोरांना दोन, मोठ्यांना तीन, म्हणजे ४ मधल्या पंधरा-पंधराला पंचाहत्तर-ऐंशी पाव. सोबत बटाट्याचे कटलेट आणि चटणी सँडविच. गोड म्हणून शिरा किंवा दोसाच्या (चणाडाळ-नारळाच्या) वड्या, केक आहेच त्यामुळे थोडंच. मोठ्यांसाठी चहा आणि मिरची भजी, ते पोरांच्या टेबलापासून लांब ठेवा.

पिण्याला लिंबू सरबत. कोकम सरबत चवीला छान, पण पांढऱ्या फ्रॉकवर सांडलं की डाग जन्मभर राहतो, द्यायचंच तर अंगणात द्या. पाचच्या आतल्यांच्या ताटात अख्खे शेंगदाणे, काजू, चणे, कडक गोळ्या, पॉपकॉर्न नको, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून.

११. बुढ्ढी के बालचं मशीन भाड्याने आणलं तर?

आणा, पण बिनरंगाची साखर वापरायला सांगा. त्या भडक गुलाबीत रोडामाइन-बी सापडलं म्हणून फेब्रुवारी २०२४ मधे तामिळनाडूने कॉटन कँडीवर बंदी घातली, ते कपडे रंगवायचं द्रव्य आहे. पांढरी कँडी पोरं तेवढ्याच आवडीने खातात, आणि जिभाही गुलाबी होत नाहीत.

१२. मे महिन्यात वाढदिवस आहे, क्रीमचा केक टिकेल का? शिवाय घरात आजी अंडं खात नाही.

अंगणात फ्रेश क्रीम टिकत नाही, वीस मिनिटांत कड खाली यायला लागते. एक तर केक फ्रिजमधून अगदी कापायच्या वेळी काढा, किंवा वरून काहीच न लावलेला सुका केक घ्या. रवा-नारळाचा बाथ (गोव्यातला केक) गरमीत उत्तम, पण नेहमीच्या बाथमधे अंडी असतात, शिवराक (अंड्या-मांसाशिवायचा) हवा असेल तर करणाऱ्या ताईला आधी स्पष्ट सांगा. तीस माणसांना दीड किलो पुरतो, प्रत्येकाला पन्नास ग्रॅम, पोरं तर अर्धा टाकतातच. थीम केकवर आणायची तर वर खेळण्यातली बोट, बेडूक काहीही धुवून ठेवा. फाँडंटचा (साखरेच्या लगद्याचा) मोठा पुतळा कोणी खात नाही आणि किंमत त्याचीच लागते.

१३. जागा कुठली बरी? घर, देवळाचं सभागृह, की बीच?

घर, आणि घराला ओसरी किंवा अंगण असेल तर प्रश्नच मिटला. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या पार्किंगचा एक कोपरा मागून घ्या, गाड्या दोन तास बाहेर लावायला लोक हो म्हणतात, फक्त गेटवर एक मोठं माणूस उभं करा.

देवळाचं सभागृह स्वस्त पडतं, पण तिथे बऱ्याच ठिकाणी अंडं-मांस चालत नाही आणि केकमधे अंडं असतं हे लोक विसरतात, मग ऐनवेळी समितीचे काका दारात. बुक करतानाच विचारा.

बीच नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी ठीक. उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे, त्यामुळे सगळं घरून बांधून न्या आणि कचरा परत आणा. मेणबत्ती वाऱ्यात पेटत नाही, केकमधे रेती जाते, आणि एका माणसाची नजर फक्त पाण्याकडे हवी, मोबाईलशिवाय. पावसाळ्यात बीच नकोच. आणि मोठ्यांची पार्टी मागून चालू राहणार असेल तर लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद, तो नियम सगळीकडेच आहे.

१४. ऐनवेळी धो धो पाऊस आला किंवा लाईट गेली तर?

पावसाळ्यातली तारीख असेल तर पाऊस येणारच असं धरूनच आखा, अंगण मिळालं तर बोनस. फेरीबोटीचा खोका हॉलमधे बसतो का ते आदल्या दिवशी मोजा, दारातून आत जात नाही असं होतं. लाईट गेली तर मोठ्ठा टॉर्च भिंतीवर मारून हातांच्या सावल्या, कुत्रा, ससा, गवा. पोरांना हेच सगळ्यात जास्त लक्षात राहतं. स्पीकर चार्ज करून ठेवा, नाहीतर टाळ घ्या आणि गा, आजीला विचारा, तिला गाणी येतात.

१५. वाढदिवस सोमवारी आलाय, किंवा श्रावणात, किंवा नेमका चवथीला. कसं करू?

सोमवार, श्रावण असेल तर सगळंच शिवराक करा, दोन वेगळी टेबलं मांडत बसू नका, चुकून अदलाबदल झाली की उगाच वाद. १० मधलं केक सोडून सगळं शिवराकच आहे, केकसाठी १२ बघा. उलट बाजूने, शेजारचे कॅथलिक कोरेज्मचे (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातले) शुक्रवार पाळत असतील तर त्या दिवशी चिकन पॅटीस ठेवून त्यांना अवघडवू नका. कुणाला हलाल लागत असेल तर तिथेही शिवराकच सोपं.

चवथीला मात्र मित्र येणारच नाहीत, सगळे आपापल्या मूळ घरी गेलेले असतात. त्या दिवशी मूळ घरी चुलत-आते-मामे भावंडांत औक्षण करा आणि मित्रांचा वाढदिवस विसर्जनानंतरच्या रविवारी. लहान पोराला तारखेशी देणंघेणं नसतं, दोनदा केक मिळाला एवढंच त्याला कळतं.

१६. औक्षण आधी की केक आधी?

औक्षण आधी, पाहुणे यायच्या आधी, घरच्यांत. तेव्हा पोर आंघोळ करून फ्रेश असतं, निरांजनाजवळ गर्दी नसते. सगळ्यांसमोर करायचंच असेल तर निरांजन आणि फुगे एकत्र येणार नाहीत ते बघा (८ बघा). काही घरांत फुंकर मारून ज्योत विझवणं आवडत नाही, तिथे मेणबत्ती लावूच नका, नुसता केक कापा, काही बिघडत नाही.

१७. एका मुलाला काजूची अ‍ॅलर्जी आहे असं त्याच्या आईने कळवलंय. त्याला वेगळं ताट देऊ?

वेगळं ताट देण्यापेक्षा त्या दिवशी काजू घरातच नको, आपल्याकडे काजू शिऱ्यात, बर्फीत, केकच्या वरही असतो. केकवालीला आणि कटलेटवालीलाही सांगा, एकाच सुरीने कापलेलंही चालत नाही. त्याच्या आईला थांबायला सांगा, औषध सोबत आणायला सांगा. ओठ सुजले, श्वास लागला तर वाट बघत बसायचं नाही, लगेच १०८.

१८. रिटर्न गिफ्ट काय? प्लास्टिकची खेळणी नको झालीत.

थीममधे बनवलेलं तेच घरी द्या: कोपेल, गव्याची शिंगं, फेरीचं तिकीट. सोबत मेणाचे खडू किंवा कुंडीतलं एक रोप. पाचच्या वरच्यांना कागदी पुडीत खाजें (गुळात घोळलेल्या बेसनाच्या कांड्या), जत्रेत बांधून देतात तसं, पोरं रस्त्यातच संपवतात. गिफ्ट नको असेल तर आमंत्रणात "एक जुनं गोष्टीचं पुस्तक आणा, अदलाबदल करू" असं लिहा. नुसतं "गिफ्ट नको" लिहिलं तर लोक तरीही आणतात.

१९. ऑक्टोबरमधे वाढदिवस आणि मुलाला नरकासुराचीच थीम हवीय. विचित्र वाटेल का?

विचित्र कशाला, दिवाळीआधी गोव्यातल्या पोरांच्या डोक्यात दुसरं असतं काय? वर्तमानपत्र आणि मैद्याच्या खळीचे मुखवटे दोन दिवस आधी वाळवून ठेवा, पार्टीत फक्त रंगवायचे. तीनच्या आतली पोरं घाबरतात, त्यांना कृष्ण करा, मोरपीस आणि पुठ्ठ्याचं चक्र. शेवटी सगळे कृष्ण मिळून खोक्याचा नरकासुर लाथा मारून पाडतात. मोठे दिवाळीच्या पहाटे पुतळा जाळतात तसा जाळू नका, पोरं आहेत.

२०. घरात सोयर-सुतक आलं, आमंत्रणं गेलीयत. रद्द करू?

पुढे ढकला. इथे कोणी प्रश्न विचारत नाही, एक मेसेज पुरतो. मागवलेला केक परत होत नसेल तर शेजारच्या पोरांना वाटून टाका. खोका, मुखवटे, तिकिटं माळ्यावर ठेवा, महिन्याभराने तशीच वापरता येतात.

२१. केक कापायच्या वेळी माझं पोर रडत टेबलाखाली जाऊन बसतं. काय करायचं?

तीस माणसं एकदम टाळ्या वाजवत मोबाईल घेऊन अंगावर आली की मोठा माणूसही टेबलाखाली जाईल. ओढून बाहेर काढू नका, फोटो राहू दे. त्याच्या एका लाडक्या मित्राला टेबलाखाली पाठवा, गाणं हळू म्हणा नाहीतर म्हणूच नका. तरीही नाही आलं तर केक ताटलीत घालून खालीच द्या, बाकीची पोरंही मग खालीच जाऊन बसतील, चादर तेवढी आधी अंथरा.